स्क्वॉटचा फॉर्म सुधारायचाय: ट्रेनर लावू, मोबाईलवर शूट करू, की काही दिवस बारबेलच सोडू?

जिम लावून दोन-तीन महिने झालेत, लेग डेला रॉड म्हणजे बारबेल खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठबशा, मारायला लागलात, आणि आता कुणीतरी येऊन सांगतंय की तुझ्या टाचा उचलतायत, गुडघे आत येतायत, नाहीतर वर येताना आधी कंबर वर येते आणि छाती मागून. बहुतेकांना हे याच टप्प्यावर ऐकायला मिळतं कारण तोपर्यंत वजन पटापट वाढवलेलं असतं. आता पर्याय साधारण तीन. पैसे देऊन ट्रेनर लावायचा, मोबाईल लावून स्वतःच स्वतःला बघायचं, किंवा बारबेल बाजूला ठेवून असा स्क्वॉट करायचा ज्यात चुकायला वावच कमी आहे. चौथा म्हणजे महागडे शूज घेणं, आणि खरं तर बरेच जण सगळ्यात आधी तेच करतात, त्यावर पुढे बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. नवशिक्याने आधी व्यायाम बदलावा, सोबत मोबाईलवर शूट करावं, आणि ट्रेनरला पैसे द्यायचेच असतील तर एक-दोन सेशनचे द्यावेत, महिन्याचे नको.

पण यातलं काहीही निवडायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. अनवाणी उकिडवं बसा, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, पावलं खांद्यांएवढी लांब. पाठ गोल झाली तरी चालेल, आत्ता फक्त घोट्याची परीक्षा आहे. आपल्याकडे देशी संडास वापरत मोठे झालेले बरेच जण असे आरामात बसतात, आणि बसता येत असेल तर तुमचे घोटे पुरेसे वाकतात, मग बारखाली टाचा उचलतात त्याचं कारण आखडलेली पोटरी नाही, कारण बॅलन्स आहे. उकिडवं बसताच टाचा वर येत असतील, किंवा मागे पडायला होत असेल, तर भिंतीसमोर एक गुडघा जमिनीवर टेकून बसा, पुढच्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. नाही लागला तर घोटा खरंच कमी वाकतोय. हे दोन लोक जिममध्ये सारखेच दिसतात, दोघांच्याही टाचा वर, पण उपाय वेगळा आहे, आणि हे न बघता सगळ्यांना सरसकट पोटरीचं स्ट्रेचिंग सांगितलं जातं याचं मला नवल वाटतं.

तालमीत किंवा शाळेत बैठका मारलेल्यांचा अजून एक वेगळाच घोळ असतो. आपली देशी बैठक चवड्यांवर उतरते, खाली जाताना टाचा उचलतातच, तिथे ते बरोबर आहे. तीच सवय घेऊन माणूस बारबेलखाली गेला की वजन चवड्यांवर जातं आणि बार पुढे पळतो. पायात ताकद भरपूर असते, घोटेही मोकळे असतात, फक्त पावलावर भार कुठे ठेवायचा हे नव्याने शिकायचं असतं. अशांनी अंगठ्याचा गड्डा, करंगळीचा गड्डा आणि टाच, तिन्ही जमिनीला चिकटलेत का एवढंच बघत हलक्या वजनावर मारावं, लवकर सुधारतं.

आता ट्रेनर. चांगला ट्रेनर मिळाला तर त्याला तोड नाही, कारण तो चूक तर दाखवतोच पण ती का होतेय तेही ओळखतो, आणि पुढच्याच सेटला बदल करून बघतो. अडचण अशी की साध्या जिममध्ये फ्लोअर ट्रेनरला एका वेळी वीस लोक बघायचे असतात, त्यामुळे त्याच्याकडून ठरलेली तीन वाक्यं मिळतात: छाती वर ठेव, खाली बघू नको, गुडघे बोटांच्या पुढे नको. पहिली दोन ठीक आहेत. तिसऱ्यावर थोडं थांबतो, कारण यानेच निम्म्या लोकांचा स्क्वॉट बिघडतो.

गुडघा बोटांच्या पुढे गेला की गुडघ्यावर जास्त जोर येतो हे खोटं नाही. पण २००३ मध्ये यावर एक छोटा प्रयोग झाला, सातच माणसं होती, त्यांच्या गुडघ्यांपुढे फळी लावून स्क्वॉट करायला लावले आणि मोजमाप घेतलं. गुडघ्यावरचा टॉर्क (सांध्याला वळवणारा जोर) साधारण १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला, पण खुब्यावरचा २८ वरून थेट ३०० च्या वर गेला, कारण गुडघा अडवला की माणूस कंबरेतून पुढे वाकतो. म्हणजे गुडघा वाचवायला गेलो आणि सगळा भार खुब्यावर आणि कंबरेवर टाकला. ज्याची मांडी लांब आहे त्याला गुडघे पुढे न नेता पॅरललपर्यंत (मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत) जायचं म्हणजे जवळपास ओणवंच व्हावं लागतं. त्यामुळे ट्रेनर निवडताना माझी एक साधी टेस्ट आहे, त्याला विचारा की माझे गुडघे पुढे गेले तर चालतील का. "टाच टेकलेली असेल आणि गुडघे बोटांच्या दिशेने जात असतील तर चालेल" असं काही उत्तर आलं तर पैसे द्या. नुसतंच "अजिबात नाही" आलं तर पैसे वाचवा. आणि पहिल्याच दिवशी स्मिथ मशीनवर उभं केलं तर फॉर्म शिकायचा विषयच संपला, तिथे बार ठरलेल्या रुळावर चालतो, बॅलन्स मशीन सांभाळते, मग तुम्ही शिकणार काय. मांड्या थकवायला ते मशीन चांगलं आहे, एवढंच.

पर्सनल ट्रेनिंगचे पैसे बऱ्याच ठिकाणी जिमच्या फीपेक्षा जास्त होतात, आणि महिन्याचं पॅकेज घेतलं तर त्यातले बरेच दिवस समोरचा नुसते रेप्स (किती वेळा मारलं ते) मोजत उभा असतो. त्यापेक्षा सिंगल सेशन देतात का विचारा, आणि ते सेशन तुम्ही स्वतःचे व्हिडिओ बघून प्रश्न गोळा केल्यावर घ्या.

ऑनलाइन कोच हा याच्यातलाच स्वस्त प्रकार, तुम्ही व्हिडिओ पाठवायचा, तो बघून सांगणार. चांगलं चालतं, पण उत्तर येईपर्यंत तुमचा लेग डे होऊन गेलेला असतो, आणि घोटा हाताने दाबून बघणं त्याला शक्य नसतं.

मोबाईलचं उलटं आहे. फुकट आहे, प्रत्येक सेटला हजर आहे, पण कारण सांगत नाही, फक्त काय झालं ते दाखवतो. आणि बहुतेक जण शूटच चुकीचं करतात. फोन जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला की खालून शूट होतं आणि अर्धवट स्क्वॉटसुद्धा खोल दिसतो. फोन तुमच्या कंबरेच्या उंचीवर हवा, बेंच तिरका करून त्यावर ठेवा नाहीतर मित्राला धरायला लावा, आणि बरोब्बर बाजूने, पाऊल आणि बारचं टोक दोन्ही फ्रेममध्ये येतील एवढ्या लांबून. मग व्हिडिओ सगळ्यात खालच्या पोझिशनला थांबवा आणि दोनच गोष्टी बघा. बारच्या टोकापासून सरळ खाली रेघ सोडली तर ती पावलाच्या मध्यावर पडते का चवड्यावर. आणि मांडी खुब्यापाशी जिथे दुमडते ती जागा गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली का, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खोली साधारण अशीच बघतात. स्पर्धेत उतरायचं नसेल तर एवढी खोली बंधनकारक नाही पण निदान आपण कुठवर जातो ते तरी माहीत असावं. नंतर एक सेट तिरपा मागून घ्या, गुडघे आत येतात ते तिथून कळतं.

आरशात बघून काम होईल असं वाटतं पण होत नाही, आरसा समोरचं दाखवतो आणि खरी गडबड बाजूने दिसते, वर मध्येच मान वळवून बाजूच्या आरशात बघणाऱ्याचा बार तिरका होतो ते वेगळंच.

मोबाईलचा धोका एकच, माणूस किस काढत बसतो. खाली गेल्यावर ढुंगण जरासं आत वळलं, म्हणजे कंबरेचा शेवट गोल झाला, की घाबरून इंटरनेटवर शोधाशोध सुरू. थोडं वळणारच, ते सगळ्यांचं वळतं. जास्त वाटत असेल तर पावलं जरा लांब घ्या, बोटं थोडी बाहेर करा, इंचभर कमी खोल जा, आणि पुढे चला. तसंच उतरतानाच छाती किती पुढे झुकते यावरून स्वतःची दुसऱ्याशी तुलना करू नका, लांब मांडीवाला जास्त झुकणारच, बार पावलाच्या मध्यावर असेल तर ती चूक नाहीच. खरी चूक म्हणजे वर येताना कंबर सुटते आणि छाती खालीच राहते ती, आणि तिचं औषध बहुतेक वेळा बारवरच्या प्लेट उतरवणं हेच असतं, जे कुणालाच ऐकायचं नसतं.

आता माझा आवडता पर्याय, व्यायामच बदलणं. गॉब्लेट स्क्वॉट म्हणजे एक डंबेल उभा धरायचा, वरच्या डोक्याखाली दोन्ही तळवे, छातीला चिकटवून, आणि खाली बसायचं, कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूने जातील असं. यात जादू काही नाही. वजन पुढे आहे म्हणून तुम्ही मागे न पडता सरळ बसू शकता, आपण हात पुढे केले की बसायला सोपं जातं तेच तत्त्व. आणि जास्त पुढे झुकलात तर डंबेल हातातून सुटायला लागतो, त्यामुळे कुणी न ओरडता छाती वर राहते. गुडघे आत आले तर कोपरांना लागतात. म्हणजे ट्रेनरने द्यायच्या या दोन सूचना डंबेलच देतो, आणि प्रत्येक रेपला देतो. खाली गेल्यावर दोन सेकंद थांबा, श्वास धरून पोट घट्ट ठेवा, मग वर या. बीपीचा त्रास असणाऱ्यांनी श्वास रोखण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

तोटा? वजनाला मर्यादा आहे. एका टप्प्यानंतर मांड्यांच्या आधी हात आणि पाठीचा वरचा भाग थकतो, आणि जिममध्ये थोडा इगोही दुखतो, शेजारचा ८० किलो मारतोय आणि आपण १२ किलोचा डंबेल कवटाळून बसलोय. बारबेलवर कधी परतायचं याचा माझा ठोकताळा असा, २० किलोच्या डंबेलने दहा रेप्स टाच न उचलता, खाली थांबून जमल्या की जा, कारण ऑलिम्पिक बार रिकामाच २० किलोचा असतो (महिलांचा १५). गल्लीतल्या जिममधला साधा रॉड मात्र यापेक्षा बराच हलका असू शकतो, तो एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा म्हणजे आपण खरंच किती उचलतोय ते कळेल.

खोल जायचीच भीती वाटत असेल तर मागे बेंच ठेवून त्याला हलकं टेकून वर येणं बरं, पण टेकायचं, धप्पकन बसायचं नाही.

परतल्यावर बार कुठे ठेवायचा? हाय बार, म्हणजे मानेच्या खाली खांद्याच्या मांसल भागावर, नवशिक्याला सोपा. लो बार दोन-एक इंच खाली बसतो, त्यात जास्त झुकावं लागतं, खांदे मोकळे लागतात, वजन सहसा जास्त जातं, म्हणून पॉवरलिफ्टिंगवाल्यांना आवडतो. तुम्हाला एवढ्यात गरज नाही. बार मानेला टोचतो म्हणून फोमचं पॅड लावतात, पण त्याने बार वर सरकतो आणि लडखडतो, त्यापेक्षा खांद्याची पाती मागे आवळा, तयार झालेल्या मांसावर बार ठेवा, टोचणं थांबेल.

आणि शूज. वेटलिफ्टिंग शूजची टाच कडक आणि साधारण दोन सेंटीमीटर उंच असते, मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात रौप्य घेतलं तेव्हाचे फोटो बघा, पायात तसलेच आहेत. टाच उंच झाली की घोट्याला कमी वाकावं लागतं आणि छाती सरळ राहते. भिंतीच्या टेस्टमध्ये नापास झालेल्याला याचा खरंच फायदा होतो. पण ब्रँडेड जोडी सहज दहा हजारांच्या घरात जाते, आणि तोच परिणाम अडीच-अडीच किलोच्या दोन पातळ प्लेट टाचांखाली ठेवून फुकटात तपासता येतो. गॉब्लेटपुरतं ते चालेल, जड बारबेल घेऊन प्लेटवर उभं राहणं मात्र डळमळीत. प्लेटवर स्क्वॉट एकदम सुधारला तर शूज घ्या आणि सोबत पोटरीचं स्ट्रेचिंग चालू ठेवा, त्याला महिने लागतात. काहीच फरक पडला नाही तर पैसे खिशात ठेवा. दोन्ही बाबतीत जाड मऊ सोलचे रनिंग शूज मात्र आधी काढा, त्यात पाऊल दबतं आणि डुगडुगतं, सपाट कॅनव्हास बूटसुद्धा त्याहून चांगले.

गुडघ्यात एका जागी टोकदार कळ येत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर यातला कुठलाच पर्याय नाही, सरळ डॉक्टर किंवा फिजिओ गाठा.

आणि बारबेलवर जाल तेव्हा रॅकच्या सेफ्टी पिना (अडकलात तर बार झेलणाऱ्या आडव्या दांड्या) तुमच्या सगळ्यात खालच्या पोझिशनच्या इंचभर खाली लावा, रिकाम्या बारवर एकदा त्यांच्यावर मुद्दाम बार ठेवून बघा. तुमच्या जिममध्ये तसला रॅकच नसेल, नुसते दोन स्टँड आणि एक स्मिथ मशीन असेल, तर गॉब्लेटवरच राहा, डंबेल संपले की एका पायाच्या स्प्लिट स्क्वॉटवर (एक पाय पुढे, एक मागे ठेवून) जा, त्यात तेच डंबेल पुन्हा जड वाटायला लागतात.