डेटोना, करेरा की मिले मिलिया? रेसिंगचं घड्याळ घेण्याआधी

घड्याळाच्या दुकानात ‘रेसिंग हेरिटेज’ हे शब्द कानावर पडले की समजायचं, आता किंमत सांगणार आहेत. पन्नाशीनिमित्त किंवा निवृत्तीचा पैसा हातात आल्यावर आयुष्यात एकदाच असं घड्याळ घेणारे बरेच जण असतात. त्यांच्यासमोर बहुधा तीन नावं येतात: रोलेक्सचं डेटोना, टॅग हॉयरचं करेरा आणि शोपार्डचं मिले मिलिया. तिघांचंही शर्यतींशी असलेलं नातं खरं आहे. फक्त त्या नात्याची जात वेगवेगळी आहे, आणि पैसे त्या जातीचेच मोजायचे असल्यानं आधी ती ओळखावी.

१९६३ साली रोलेक्सचं कॉस्मोग्राफ (म्हणजेच पुढचं डेटोना) आणि हॉयरचं करेरा बाजारात आलं. (‘टॅग’ हे शेपूट पुढं लागलं, १९८५ मध्ये कंपनी विकली गेल्यावर.) गंमत म्हणजे कॉस्मोग्राफ आणि तीन छोट्या तबकड्यांचं करेरा, दोन्हींच्या पोटात एकाच घराण्याचं यंत्र होतं: वाल्जू ७२, रोज हातानं चावी द्यायचं. रोलेक्सनं त्यात आपले फेरफार केले, एवढंच. आज डेटोनासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि करेरा दुकानात जाऊन घेता येतं. हा फरक यंत्रानं पाडलेला नाही.

रोलेक्सनं शर्यतींना दिलं ते नाव, पैसा आणि बक्षीस. १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर ताशी ३०० मैलांचा टप्पा ओलांडणाऱ्या मॅल्कम कॅम्बेलच्या मनगटावर रोलेक्स होतं. डेटोना हे नाव फ्लोरिडात १९५९ साली सुरू झालेल्या ट्रॅकवरून आलं. तिथल्या २४ तासांच्या शर्यतीला १९९२ पासून रोलेक्सचंच नाव आहे, आणि जिंकणाऱ्याला कोरलेलं डेटोना मिळतं. सहज विकत घेऊ शकतील असे ड्रायव्हरही त्या एका घड्याळासाठी रात्रभर गाडी हाकतात. फॉर्म्युला वनमध्ये २०१३ ते २०२४ हिरवी पाटी रोलेक्सची होती. ग्रेटर नोएडाची शेवटची शर्यतही त्यातच आली.

पण एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत डेटोना फारसं खपत नव्हतं. १९८८ पर्यंत त्याला हातानं चावी द्यावी लागे, आणि स्वयंचलित झालं तेही झेनिथच्या ‘एल प्रिमेरो’ यंत्रावर. रोलेक्सचं स्वतःचं यंत्र त्यात आलं २००० साली. भाव चढला तो हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनमुळे. पत्नीनं मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून दिलेलं त्याचं घड्याळ २०१७ च्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. न्यूमन नुसता मिरवणारा नव्हता. १९७९ मध्ये फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची गाडी दुसरी आली, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी डेटोनाच्या २४ तासांत त्याच्या संघानं आपला गट जिंकला.

हॉयरची गोष्ट जास्त तेलकट आहे, आणि मला तीच जवळची वाटते. या घराण्यानं १९१६ साली सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं स्टॉपवॉच बनवलं, १९३३ मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर बसवायचं ‘ऑटाव्हिया’. पुढं १९५८ मध्ये संस्थापकाचा पणतू जॅक हॉयर एका रॅलीत शेजारच्या सीटवर बसून वेळ सांगत होता. धावत्या गाडीत स्वतःच्याच कंपनीच्या डॅशबोर्ड घड्याळाचा आकडा त्यानं चुकीचा वाचला आणि हातची शर्यत गेली. करेराची डायल इतकी मोकळी का, याचं उत्तर त्या चिडीत सापडतं. नाव त्यानं १९६२ मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीत ऐकलं, मेक्सिकोचे रेसर भाऊ पेद्रो आणि रिकार्दो रोद्रिगेझ यांच्या आईवडिलांकडून. ते मेक्सिकोतल्या ‘करेरा पानामेरिकाना’ या जीवघेण्या शर्यतीबद्दल सांगत होते.

१९६९ मध्ये स्विस ड्रायव्हर जो सीफर्टच्या गाडीवर आणि अंगावर हॉयरचं नाव झळकलं. हा पठ्ठ्या घाऊक दरानं घड्याळं घेऊन ट्रॅकमागच्या संघांच्या आवारात (पॅडॉकमध्ये) इतर ड्रायव्हरांना विकायचा. १९७१ ते १९७९ हॉयर फेरारीच्या वेळमापनाचं काम करत होती. ड्रायव्हरांना सोन्याचं करेरा मिळे आणि मागं नाव आणि रक्तगट कोरलेला असे. त्या काळात ट्रॅकवर किती जण मरत हे आठवलं की तो रक्तगट दागिन्याची नक्षी राहत नाही. नंतर मॅक्लारेन संघाशी तीस वर्षं, मग रेड बुल, आणि रोलेक्स बाहेर पडल्यावर २०२५ पासून फॉर्म्युला वनची घड्याळवाली पुन्हा टॅग हॉयर. हेही मान्य करायला हवं की हा करार मालक एलव्हीएमएच समूहाच्या मोठ्या थैलीतून झालेला आहे.

शोपार्डचं प्रकरण आटोपशीर. ब्रेशिया ते रोम आणि परत, अशी हजार मैलांची मिले मिलिया १९२७ ते १९५७ खरीखुरी शर्यत होती. १९५७ च्या अपघातानंतर बंद पडली आणि १९७७ पासून जुन्या गाड्यांची नियमितता स्पर्धा म्हणून परतली. इथं गुण वेगाला नसून नेमक्या वेळेत पोचण्याला असतात. १९८८ पासून शोपार्ड सोबत आहे, आणि कंपनीचे सहअध्यक्ष कार्ल-फ्रीड्रिख शॉयफेले स्वतः त्यात गाडी चालवतात, कित्येकदा शेजारी सहा वेळा ले मान्स जिंकलेला जॅकी इक्स असतो. प्रत्येक स्पर्धकाला क्रमांक घातलेलं घड्याळ मिळतं.

आता मनगटावर. डेटोना ४० मिमी, पण जाडी १२ मिमीच्या आत. शर्टाच्या बाहीखाली गुपचूप जातं. १०० मीटरपर्यंत पाणी सोसतं, पण त्यापायी स्टॉपवॉचची बटणं स्क्रूची आहेत. म्हणजे वेळ मोजायला सुरुवात करण्यापूर्वी बटण फिरवून मोकळं करा. रेसिंगच्या घड्याळात ही गोष्ट मला नेहमी हसवते. २०२३ मध्ये आलेलं ‘ग्लासबॉक्स’ करेरा ३९ मिमी, १०० मीटर, एकदा चावी भरली की ८० तास चालतं. फुगीर काच डायलच्या कडेपर्यंत उतरते, त्यामुळे तिरप्या नजरेनंही आकडे दिसतात. जाडी मात्र १४ मिमीच्या आसपास, आणि ती जाणवते. शोपार्डचं ‘क्लासिक क्रोनोग्राफ’ ४०.५ मिमी, पाण्याला ५० मीटर, यंत्र स्वतःचं नाही, ईटा या यंत्रं बनवणाऱ्या स्विस कंपनीकडून घेतलेलं. त्याचा जुन्या डनलॉप टायरच्या नक्षीचा रबरी पट्टा मुंबईच्या घामात चामड्यापेक्षा कितीतरी बरा.

वापर? टॅकीमीटरची (डायलभोवतीच्या वेग मोजायच्या पट्टीची) गंमत द्रुतगती मार्गावर शेजारी बसलेल्यानं घ्यावी: एक किलोमीटर ३६ सेकंदांत म्हणजे ताशी १००. यापलीकडे अचूकतेचा आव नको. असं यंत्र साधारण सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत मोजतं. खरी अचूकता इलेक्ट्रॉनिक यंत्रांची: १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत टॅग हॉयरच्या यंत्रणेनं व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेन्टझेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी दाखवली होती.

किमतीत करेरा स्टीलच्या डेटोनाच्या छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास, शोपार्ड मधे. पण डेटोनाची छापील किंमत कागदावरच. दुकानातून मिळालं तर नशीब, नाहीतर वापरलेल्या बाजारात कितीतरी जास्त मोजा. दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीवेळीच गोळा होणारा आयकर) वर घेतो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क व्यापार करारामुळे टप्प्याटप्प्यानं शून्यावर जायचं आहे, तेव्हा घाई नसेल तर थांबण्यात तोटा नाही.

पुढं विकायचा विचार डोक्यात असेल तर डेटोनाला पर्याय नाही. करेराचा भाव पहिल्या दिवशीच पडतो. घरी जुनी फियाट जपली असेल तर शोपार्ड बघा, त्याची चेष्टा करणारे गाड्यांतले नसतात. ट्रॅकवर घाम गाळलेलं नाव हवं असेल तर करेरा घ्या, मी तेच घेईन. आणि मोहात पडून १९६० च्या दशकातलं जुनं करेरा शोधायला निघालात, तर डायल पुन्हा रंगवलेली नाही ना आणि काटे मूळचे आहेत ना हे जाणकाराकडून झाकण उघडून बघून घ्या. ते घालून पावसात मात्र बाहेर पडू नका.