पोळी की भाकरी: प्रश्न डब्याचा

गेल्या वर्षी माझ्या रिपोर्टात दोन आकडे ठळक छापून आले. एचबीए१सी (रक्तातली सरासरी साखर) ६.१ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३८. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. चरबी मात्र सरळसरळ जास्त. मग जो भेटेल तो एकच सांगू लागला, "पोळी सोड, भाकरी धर." मी दोन्ही करून पाहिलं. तीन महिने डब्यात पोळी, पुढचे तीन महिने ज्वारीची भाकरी. एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतं, म्हणून मुदत तीन महिन्यांची.

आधी भाकरीच्या भक्तांना थोडं दुखावतो. न चाळलेली कणीक घेतली तर तंतूंच्या बाबतीत गहू ज्वारीला हार जात नाही. १०० ग्रॅमला दोन्हीकडे १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. पिष्टही जवळपास तेवढंच. ज्वारीचा फायदा आहे तो वेगळ्या जागी: ती शिजली की तिच्यातली प्रथिनं पिष्टाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते सावकाश पचतं. पण हा फायदा आपण मोजण्यात घालवतो. माझ्या घरच्या एका भाकरीला साधारण दोन पोळ्यांचं पीठ लागतं. "मी फक्त दोनच भाकरी खातो" म्हणणारा माणूस चार पोळ्या जेवून उठलेला असतो. पहिले पंधरा दिवस तो माणूस मीच होतो.

आणि डब्यात भाकरीचे हाल होतात, हे मान्य. पीठ जुनं असेल, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेली असेल, तर उकड काढूनही ती कडेने फाटते. ताजं असलं तरी एक वाजेपर्यंत पापड होतो. मी ती चुरून ताकात किंवा आमटीत कालवतो. कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर काला करून खायला सुरुवातीला संकोच वाटला. पोळीचं तसं नाही, ती बिचारी घडी घालून दिली की संध्याकाळपर्यंत मऊ.

पण माझा निर्णय जेवणाच्या टेबलावर झालाच नाही. तो झाला दुपारी साडेचारला.

पोळीच्या तीन महिन्यांत रोज साडेचारच्या सुमारास मला खा-खा सुटायची. साधी भूक नव्हे. हात आपोआप खणाकडे जायचा. खणात बिस्किटांचा पुडा. एक म्हणता म्हणता सहा, वर साखरेचा चहा. मैदा, साखर आणि पाम तेल एकाच घासात. गंमत अशी की ट्रायग्लिसराइड्स वाढले की लोक आधी तुपावर डोळे वटारतात. तूप संपृक्त मेदाचं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं, तेव्हा तेही जपूनच. पण ट्रायग्लिसराइड्स वाढवण्यात साखर-मैदा आणि दारू जास्त पुढे, कारण गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी करतं. तीन पोळ्यांनी माझं जेवढं बिघडवलं नसेल, तेवढं त्या खणाने बिघडवलं असावं असा माझा अंदाज. दीड भाकरीच्या दिवशी हे व्हायचं नाही. साडेपाच वाजून जायचे आणि पुडा आठवायचाही नाही. असं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित भाकरी चावायलाच वेळ लागतो म्हणूनही असेल.

दुसरं म्हणजे संगत. घडीच्या पोळीत लाटतानाच तेल जातं, उतरल्यावर वरून तूप. मग तिच्यासोबत गुळांबा, शिकरण, श्रीखंड, काहीच नको असेल तर तूप-साखर लावून सुरळी. ज्वारीच्या भाकरीला तेल लागत नाही, आणि तिच्याबरोबर श्रीखंड खाणारा मला अजून भेटलेला नाही. तिच्या शेजारी पिठलं, पालेभाजी, कांदा, ठेचा हेच येतं. (बाजरी आणि गूळ-तूप हे प्रकरण वेगळं, त्याबद्दल संक्रांतीला बोलू.) भरल्या वांग्यावर तरंगणाऱ्या तेलाकडे मात्र लक्ष ठेवा, तिथे भाकरीही वाचवत नाही.

भाकरीच्या तिमाहीनंतर ट्रायग्लिसराइड्स १७२ आणि एचबीए१सी ५.९ आलं. सगळं श्रेय ज्वारीला देत नाही. त्याच दरम्यान मी रात्री जेवणानंतर चालायलाही लागलो होतो. शिवाय तुम्हाला साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात मोठा बदल करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि दुपारी फिरतीवर असाल, ताक-आमटीची सोय नसेल, तर दोन पोळ्या, भरपूर उसळ आणि खणात पुड्याऐवजी मूठभर फुटाणे, एवढ्यावरही काम भागावं.

मी मात्र सोमवार ते शुक्रवार भाकरीवर स्थिरावलोय. मालदांडी ज्वारी आणतो, आठवड्यापुरतीच दळतो. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना भाकरीचं विचारलं, तर त्यांनी एका भाकरीचे दोन पोळ्यांएवढे पैसे सांगितले. मी जरा घासाघीस करून पाहिली. "दोन पोळ्यांचं पीठ जातं हो एकीला," त्या म्हणाल्या. मला कळायला पंधरा दिवस लागले होते.