‘आयकॉन ऑफ द सीज’वर जेवायचं कुठे? तिकिटातलं जेवण की वर पैसे मोजून

धाकट्या दिराचा डॅलसहून मेसेज आला: "वहिनी, आयकॉनचं बुकिंग झालं. आता हे लोक डायनिंग पॅकेज म्हणतायत. घेऊ की नको, तू सांग." सोबत स्क्रीनशॉट, त्यावर मोठ्या अक्षरात सवलत. (पॅकेज म्हणजे वर पैसे लागणाऱ्या रेस्टॉरंटांतलं जेवण आधीच एकत्र विकत घेणं.) जाणारी माणसं सहा: तो, जाऊबाई, चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आणि पुण्याहून आलेले आई-नाना. आई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. नाना मासे दिसले की खूश, पण बीफचं नाव काढलं तर ताटावरून उठतील. दीर-जाऊ सगळं खातात. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांची क्रूझ अशीच असते, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी बोटीचा आवाका. रॉयल कॅरिबियनची ही बोट फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघाली. २० डेक. एका खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळे पलंग भरले तर ७,६००. म्हणजे एका मोठ्या गावातली माणसं एकाच वेळी भुकेली होतात. खाण्यापिण्याच्या जागा बार धरून ४० च्या वर आहेत. आकडा ऐकून हरखायला होतं, पण यातल्या बऱ्याच जागा तिकिटात धरलेल्या नाहीत. तुमच्या घरातल्यांसाठी उरतात त्या जागा मोजक्याच.

तिकिटात काय येतं? मेन डायनिंग रूम, विंडजॅमर हा मोठा बुफे, ॲक्वाडोम मार्केट, लहान मुलांच्या भागातलं सर्फसाइड इटरी, एल लोको फ्रेश, सोरेंटोजचा पिझ्झा, पार्क कॅफे, पर्ल कॅफे. वर पैसे कशाला? चॉप्स ग्रिल, गियोवानीज, इझुमी, हूक्ड, एम्पायर सपर क्लब, पियर ७, प्लेमेकर्स, आणि हो, स्टारबक्स. खोलीत जेवण मागवलं तर साधा कॉन्टिनेंटल नाश्ता सोडून प्रत्येक ऑर्डरला ७.९५ डॉलर आणि वर बक्षिसी.

मेन डायनिंग रूम की विंडजॅमर?

खरा निर्णय इथे आहे, कारण सातातल्या पाच-सहा रात्री तुम्ही या दोनपैकी एका जागीच जेवणार.

विंडजॅमर १५व्या डेकवर. आपल्या माणसांना पहिल्या दिवशी तेच आवडतं. सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं, हवं ते हवं तेवढं घ्या, कुणाला विचारायला नको. बहुतेक वेळा एखादी भारतीय करी, भात, डाळ असं काहीतरी तिथे सापडतं. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. ती करी ओहायोच्या आजोबांनाही झेपेल अशी केलेली असते. अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे गर्दी, आणि ती सगळ्यात वाईट असते बोटीवर चढल्याच्या दुपारी, जेव्हा खोल्या तयार नसतात आणि सगळे हातात बॅगा घेऊन थेट तिथेच जातात. दुसरी म्हणजे पाट्या. भाजी म्हणून वाढलेल्या पदार्थात चिकनचा स्टॉक आहे का, हे पाटीवर कळेलच असं नाही, आणि पळीच्या बाजूला उभा असलेल्या माणसाला ते माहीत असेलच असंही नाही. आईंसारख्या माणसाला सात दिवस हे जड जातं.

मेन डायनिंग रूम तीन मजली, ३, ४ आणि ५ या डेकवर. संध्याकाळी बसून, वेटरने आणून द्यायचं जेवण. रोजचा मेन्यू वेगळा: कधी इटालियन, कधी फ्रेंच, कधी मेक्सिकन. बुकिंग करताना दोन प्रकार विचारतात. एकात ठरलेली वेळ, लवकरची किंवा उशिराची पंगत, रोज तेच टेबल आणि तेच वेटर. दुसऱ्यात तुम्हाला हवी ती वेळ, पण टेबल आणि वेटर बदलू शकतात. नव्या पिढीला दुसरा प्रकार आवडतो, मोकळीक असते. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर मी डोळे झाकून पहिला घ्यायला सांगते.

कारण असं. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका बोटीवर गेलो होतो. पहिल्या रात्री आईंच्या ताटात उकडलेली ब्रोकोली, बटाटा आणि पास्ता आला. हेड वेटर म्हापशाचा निघाला. (गोव्यात आणि तळकोकणात ‘बोटीवर असलेला’ माणूस प्रत्येक वाड्यावर एखादा तरी असतोच, क्रूझच्या डायनिंग रूममध्ये तो भेटला नाही तरच नवल.) तो आईंच्या खुर्चीजवळ वाकून म्हणाला, "मावशी, उद्याचं आजच सांगा. किचनला आधी कळलं तर करून देतात." दुसऱ्या दिवशी छोट्या वाटीत पिवळी डाळ आली. कढीपत्ता नव्हता, पण जिऱ्याची फोडणी होती, आणि तुपासारखं काहीतरी वर चमकत होतं. आईंनी भात कालवला आणि त्या सफरीत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. त्यानंतर रोज रात्री निघताना तो उद्याचं विचारायचा: बटाटा, फ्लॉवर, की छोले?

आयकॉनवरही पद्धत हीच आहे. नेहमीचा वेटर असला की पहिल्या रात्री एकदा नीट सांगायचं, अंडं नाही, मटणाचा रस नाही, आणि पुढे तो लक्षात ठेवतो. बुकिंग झाल्यावर ऑनलाइन आहाराची नोंदही करून ठेवावी, पण भरवसा त्या नोंदीपेक्षा माणसावर जास्त.

एक तोटा मान्य करते. ठरलेल्या पंगतीत चार वर्षांचं पोरगं दीड तास खुर्चीत बसत नाही. म्हणून धाकट्याला आधी सर्फसाइडला जेवू घालायचं.

ॲक्वाडोम मार्केट, सर्फसाइड आणि इतर फुकटातल्या जागा

सर्फसाइड म्हणजे ७व्या डेकवरचा, बोटीच्या मागच्या टोकाचा, सहा वर्षांखालच्या मुलांच्या घरांसाठी केलेला भाग. चक्री, पाण्याचे फवारे, आणि लगेच बाजूला सर्फसाइड इटरीचा लहान बुफे. गर्दी विंडजॅमरपेक्षा कमी वाटते. आई-नाना बाकावर, नातू चक्रीवर, ताट हातात: सहा जणांना एकाच वेळी समाधानी ठेवणारी बोटीवरची ही एकमेव जागा असावी. जेवण म्हणाल तर मुलांचंच, नगेट्स, फ्राइज, पास्ता. पण दुपारी भागतं.

ॲक्वाडोम बोटीच्या पुढच्या टोकाला सगळ्यात वर, काचेच्या घुमटाखाली. तिथल्या मार्केटमध्ये पाच काउंटर आहेत: थाई, मेडिटरेनियन, आशियाई नूडल्स-भात, मॅक अँड चीज आणि क्रेप. मॉलमधल्या फूड कोर्टासारखं, फक्त बिल नाही. दुपारच्या जेवणाला मी विंडजॅमरच्या वर हे ठेवेन. प्रत्येक काउंटरवर समोर बनवणाऱ्यालाच विचारता येतं. थाईमध्ये फिश सॉस असतो, हे शाकाहारी माणसाने धरून चालावं. आईंसाठी मेडिटरेनियन आणि क्रेपचे काउंटर बघायचे, पण क्रेपच्या पिठात अंडं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी तो विषय सोडून द्यावा.

एल लोको फ्रेश हे मेक्सिकन. तिथला साल्सा आणि हालापेनो म्हणजे बोटीवरचं आपल्या जिभेला कळणारं तिखट. बीन्स-भाताच्या बाउलवर भरपूर घातलं की नाना मिसळ खाल्ल्यासारखे घामाघूम होतील. बीन्समध्ये चरबी आहे का, हे मात्र विचारायचं. मेक्सिकन स्वयंपाकात ती घालायची पद्धत आहे.

बोटीवरच्याच ‘सेंट्रल पार्क’ नावाच्या बागेतलं पार्क कॅफे शांत, सॅलड समोर करून देतात. पण तिथलं सगळ्यात नावाजलेलं सँडविच कुमेलवेक, आणि ते रोस्ट बीफचं असतं. लोक कौतुक करतात म्हणून नानांनी चुकून उचलू नये. रात्री उशिरा भूक लागली तर सोरेंटोजचा पिझ्झा. न्यूयॉर्कचा नाही, पण रात्री अकराला कोण तक्रार करतं?

वर पैसे मोजायचे तर कशाला?

बहुतेक सशुल्क रेस्टॉरंट माणशी ५० ते ८० डॉलरच्या घरात जातात, दर सफरीनुसार बदलतात, आणि वर १८ टक्के बक्षिसी आपोआप लागते. म्हणजे ६० डॉलरचं जेवण धरलं तर ७०.८० होतात, आणि चार मोठ्यांचे २८३. मुलांना सवलत असते.

चॉप्स ग्रिल हे स्टेकहाउस. ज्या घरात बीफ खात नाहीत त्यांनी तिथे जाऊन काय करायचं? चिकन किंवा मासा मिळतो, पण स्टेकहाउसचे पैसे भरून चिकन खाणं म्हणजे चितळ्यांकडे जाऊन बिस्किटाचा पुडा घेणं. दीर-जाऊ दोघंच एका रात्री गेले, मुलं आजी-आजोबांकडे ठेवली, तर ठीक.

इझुमी हे जपानी. त्याच्या हिबाचीत तुमच्यासमोर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर शेफ भात परततो, कांद्याच्या चकत्यांचा ज्वालामुखी करून पेटवतो, चमचे उडवतो. नऊ वर्षांचा मुलगा हे वर्षभर सांगत राहील. भाज्यांचा पर्यायही असतो. पण तो पत्रा एकच. त्यावरच कोळंबी, त्यावरच चिकन, त्यावरच तुमच्या भाज्या. आईंना हे समोर दिसेल, आणि त्या काही न बोलता फक्त पाणी पितील. त्यांना नेऊ नका.

हूक्ड हे समुद्री जेवणाचं, ॲक्वाडोममध्ये, काचेतून समुद्र दिसत असताना. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासारखं: कच्ची कालवं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) क्रीमचं सूप, शेवंडीचा रोल. नाना मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांना शेवंड आवडेल, कच्ची कालवं ते लिंबू पिळून कुतूहलाने एक चाखतील, पण क्रीममधल्या तिसऱ्या बघून ते नक्की विचारतील, "यात खोबरं का नाही?" दुपारी एकदा बाप-लेकांनी जावं, रात्रीचं जेवण इथे घालवू नये.

मग सहा जणांनी मिळून कुठे जायचं? गियोवानीज. इटालियन, पास्ता-पिझ्झा, ताटल्या मध्ये ठेवून वाटून खायच्या. शाकाहारी माणसाला खरंखुरं निवडायला मिळेल असं पैसे मोजून घ्यायच्या जागांमधलं हे एकच. टोमॅटो-तुळशीचा सॉस, बिनअंड्याचा पास्ता कोणता ते विचारायचं, पार्मेजान चालत नसेल तर आधीच सांगायचं (त्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे पुष्कळ शाकाहारी घरांना माहीत नसतं). नाना-आईंच्या लग्नाचा वाढदिवस सफरीत येतोय, तो इथे करावा.

एम्पायर सपर क्लब मी यादीत धरलंच नाही. आठ कोर्स, प्रत्येकाबरोबर जुळवलेलं पेय, १९३०च्या न्यूयॉर्कची सजावट, समोर वाजवणारे कलाकार, आणि दर सुरुवातीला माणशी २०० डॉलरच्या आसपास. दारू आणि मांस दोन्ही आवडणाऱ्या जोडप्यांसाठी ती एक वेगळी संध्याकाळ आहे. आई-नानांबरोबर गेलात तर आठव्या कोर्सला दोघंही पेंगत असतील. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट कॅनॅव्हरलहून सुरू झालेल्या आयकॉनच्या बहीण-बोटीवर, ‘स्टार ऑफ द सीज’वर, याच जागी शिकागोच्या थाटाचं लिंकन पार्क सपर क्लब आहे. बाकीचा हिशोब साधारण तोच.)

कोस्टल किचन दिसलं तर गोंधळू नका; ते सुइटमधल्या, म्हणजे मोठ्या महागड्या खोल्यांतल्या, लोकांसाठीच.

मग पॅकेज?

अनलिमिटेड पॅकेज म्हणजे रोज रात्री सशुल्क जागी जेवायचं. जे जोडपं सगळं खातं आणि ज्याला रोज नवी जागा हवी, त्याचे पैसे वसूल होतील. सहा जणांच्या या घराला नाही. आईंना सातपैकी सहा रात्री मेन डायनिंग रूममध्येच चांगलं मिळणार, आणि त्यांना एकटं सोडून बाकीचे रोज चॉप्सला जाणार आहेत का? मी दिराला सांगितलं: पॅकेज नको. गियोवानीजची एक रात्र सगळ्यांची, हिबाची एक दुपार मुलाची आणि बापाची, दोन्ही निघायच्या आधीच ऑनलाइन घ्या, बहुधा बोटीवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. ज्या दिवशी बोट कंपनीच्या खासगी कोकोके बेटावर थांबते, त्या दिवशी दुपारचं बेटावरच, ग्रिलचं जेवण तिकिटातच आहे.

आईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "तिथे चहा कसा मिळतो?" खरं सांगायचं तर गरम पाणी आणि चहाची पुडी. दूध थंड. इलेक्ट्रिक किटली न्यायला बंदी आहे, बॅग तपासताना काढून घेतात. मी त्यांना सुंठ आणि वेलचीची पूड एका डबीत भरून दिली, आणि साखर घातलेल्या इन्स्टंट मसाला चहाची वीस पाकिटं. सीलबंद असल्यामुळे ती न्यायला अडचण येत नाही.