गेटवर काय ठेवावं: रजिस्टर, इंटरकॉम की ॲप?

पाथर्डी फाट्याजवळच्या एका नव्या सोसायटीची कमिटी गेल्या रविवारी आमच्या घरी आली होती. ८४ फ्लॅट, दोन विंग, एकच गेट. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेलाय, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे आणि सभासदांत ॲप हवं आणि ॲप नको असे सरळ दोन तट पडलेत. ‘ताई, तुमच्याकडे दोन्ही प्रकार होऊन गेलेत, तुम्हीच सांगा,’ असं सेक्रेटरी म्हणाले. त्यांना तासभर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण हाच प्रश्न नाशिकमधल्या कितीतरी सोसायट्यांपुढे आहे.

आमची सोसायटी इंदिरानगरची, २८ फ्लॅटची. आधी नुसतं रजिस्टर होतं, मग दीड वर्ष ॲप वापरलं, आणि आता चिठ्ठी आणि इंटरकॉम. या सगळ्या काळात मी सेक्रेटरी होते, त्यामुळे तिन्हींचे फायदे-तोटे माझ्या अंगावरून गेलेत.

आधी रजिस्टर. लांब वही, दोरीला बांधलेलं पेन आणि रकाने: नाव, कुठून आले, कोणाकडे, मोबाइल नंबर, वेळ, सही. खर्च जवळजवळ नाही, वॉचमनला काही शिकवावं लागत नाही आणि वीज गेली तरी काम अडत नाही. लोकांना वाटतं की कागदच बरा, कागदातून माहिती कुठे बाहेर जाते? आम्हालाही तसंच वाटायचं. मग दिवाळीच्या सुटीत माझी भाची राहायला आली. बाहेरून परत येताना नवीन वॉचमनने तिला वहीत नोंद करायला लावली. तिने नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल सगळं लिहिलं. त्याच रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज सुरू झाले. मेसेज करणाऱ्याला तिचं नाव माहीत होतं आणि ती कोणत्या फ्लॅटमध्ये उतरलीय तेही. तिच्यानंतर सही करायला आलेल्या कोणीतरी वरची ओळ वाचून नंबर टिपून घेतला होता. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोरीला नंबर बदलावा लागला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो नंबर आम्हीच मागितला होता. आणि कशासाठी? त्या वहीतल्या नंबरवर फोन करायची वेळ सोसायटीवर कधी आली, असं मी जुन्या चेअरमन काकांना विचारलं. एकदाही नाही, म्हणाले. मी वही चाळली तर निम्म्या नोंदींत नंबर नऊ आकडीच होते. म्हणजे खोटं लिहिणारा सुटत होता आणि खरं लिहिणाऱ्या मुलीला त्रास होत होता. भरलेल्या वह्या पंपाच्या खोलीत एकावर एक पडलेल्या, ओलीने पानं चिकटलेली, आणि त्याआधीच्या काही तर रद्दीत गेलेल्या.

तरी कागदाचा एक गुण मान्य करायलाच हवा. कागद जिथल्या तिथे राहतो. ३०२ मधली बाई रोज किती वाजता बाहेर पडते हे वहीतून काढायचं तर कोणालातरी खुर्ची टाकून बसून पानं उलटावी लागतील. ॲपमध्ये तेच काम एका बोटाचं आहे.

आता ॲप. मायगेट, नोब्रोकरहूड अशी नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. आणखीही आहेत आणि सगळ्यांची पद्धत साधारण एकच. वॉचमन पाहुण्याचं नाव-नंबर आपल्या फोनमध्ये टाकतो, कधी फोटो घेतो, रहिवाशाच्या मोबाइलवर विचारणा जाते, त्याने होकार दिला की गेट उघडतं. रोजच्या कामाच्या माणसांना एक कोड मिळतो. तो सांगितला की आल्याची नोंद होते, जाताना तसंच.

याचा फायदा खरा आहे, तो नाकारणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका पाहुण्याचा नंबर दुसऱ्या पाहुण्याला दिसत नाही. भाचीच्या बाबतीत जे झालं ते ॲप असतं तर झालं नसतं. आमच्याकडे तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. ‘गॅसची शेगडी तपासायला आलोय’ म्हणत दोन माणसं आली होती. त्यांचा मुलगा पुण्यात, विचारणा त्याच्या मोबाइलवर गेली, त्याने नकार दाबला आणि माणसं गेटवरूनच परत गेली. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या मुलाने आजही ॲपच्या बाजूने मत दिलं असतं, आणि ते रास्त आहे.

मग आम्ही ते काढलं का? कारणं दोन. पहिलं लहान, पण रोजचं. आमच्याकडे माणसं गावाकडून येतात ती सांगून येत नाहीत. निफाडहून काका रात्री दहाला द्राक्षांचे क्रेट घेऊन आले, घरातल्यांचे फोन चार्जिंगला लावलेले, विचारणा कोणी पाहिली नाही. काका पाऊण तास गेटबाहेर टेम्पोत बसून राहिले. वॉचमनदादा त्यांना चेहऱ्याने ओळखत होते, पण ‘होकार आल्याशिवाय सोडायचं नाही’ असा आमचाच नियम होता. असे प्रसंग महिन्यातून तीन-चारदा व्हायचे.

दुसरं कारण मावशींचं. आमच्या चार घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी बारा वर्षांपासून येतात. ॲप आलं तेव्हा त्यांचा फोटो काढला, नंबर घेतला, सहा आकडी कोड दिला. मग त्या किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कोणकोणत्या घरी काम करतात हे सगळ्या रहिवाशांना दिसू लागलं, आणि त्यांच्या कामाला तारेही (रेटिंग) देता येऊ लागले. एका सभासदाने महिनाअखेरीस मोबाइल समोर धरला आणि हिशेब मांडला: दोन खाडे आणि सहा वेळा वीस-वीस मिनिटं उशीर. पैसे कापले. उशीर त्यांच्या घरी झालाच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या घरात पाहुणे होते, तिथे जास्त वेळ गेला आणि पुढचं सगळं लांबलं. ॲपमध्ये फक्त गेटची वेळ होती. मावशी माझ्याकडे आल्या. भांडायला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘ताई, फोटो काढला तेव्हा चोरांसाठी आहे म्हणाला होता तुम्ही.’

मला उत्तर देता आलं नाही. खरंच तसंच सांगितलं होतं. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला वापरली गेली, आणि ज्यांची माहिती होती त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ज्या सभेत ठराव झाला तिथे आम्ही २८ घरांचे मालक होतो. ज्यांच्या सर्वाधिक नोंदी त्या ॲपमध्ये साठणार होत्या त्या मावशी, दूधवाले, ड्रायव्हर, डिलिव्हरीची मुलं, यांच्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. तुमच्या ८४ फ्लॅटच्या सभेतही नसेल. माझं जे काही सांगणं आहे ते इथूनच सुरू होतं.

आता कायद्याकडे येते, कारण ‘आपण छोटी सोसायटी, आपल्याला काय कायदा लागतो’ हे वाक्य त्या रविवारीही ऐकलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नियमांतल्या मुदतीप्रमाणे मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. तेव्हा घराघरांत पाहुणे असतील, काही जण फ्लॅट भाड्यानेही देतील, आणि गेटवर रोज कितीतरी नवी नावं लिहिली जातील. म्हणून हे आत्ताच नीट ठरवलेलं बरं.

त्या कायद्यातल्या चार गोष्टी कमिटीने लक्षात ठेवाव्यात. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. माझ्या समजुतीप्रमाणे गेटच्या बाबतीत तो म्हणजे सोसायटी. ॲपची कंपनी तुमच्या वतीने काम करणारी, आणि तिच्याशी करार काहीही असला तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता यायला हवी. मराठी त्यात आहेच, म्हणजे मावशींना मराठीत कागद मागता येतो. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. आणि काम संपलं की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, तेव्हा ‘मूल गेटबाहेर पडलं’ असं कळवणारी सोय घेताना थांबून विचार करा. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्या सोसायटीवर तेवढा बसेल असं मी म्हणत नाही, पण कायदा हा विषय किती गंभीर धरतो ते त्यावरून दिसतं.

हा कायदा फक्त डिजिटल माहितीचा आहे. कागदी रजिस्टर त्यात येत नाही, जोपर्यंत कोणी ते संगणकात भरत नाही. म्हणून काही जण म्हणतात, ‘रजिस्टरच ठेवू, कायद्याची कटकट नाही.’ हे मला अजिबात पटत नाही. भाचीला झालेला त्रास कागदामुळेच झाला होता.

इंटरकॉमबद्दल फार सांगण्यासारखं नाही, हाच त्याचा गुण. वॉचमन फोन लावतो, घरातलं माणूस आवाज ऐकून हो किंवा नाही म्हणतं, विषय संपला. कुठे काही साठत नाही. पावसाळ्यात लाइन खरखरते, आजी-आजोबांना कधी ऐकू येत नाही, घरात कोणी नसेल तर पंचाईत होते. आणि चोरी झाली तर मागे जाऊन बघायला काही नसतं. म्हणून आम्ही त्याच्या जोडीला चिठ्ठी ठेवली: पावती पुस्तकासारखं छोटं पॅड, एका पाहुण्याला एक चिठ्ठी, नाव, फ्लॅट, वेळ आणि गाडी असेल तर तिचा नंबर. मोबाइल नंबर नाही. चिठ्ठी कुलूप लावलेल्या पेटीत पडते. पेटी महिन्याला उघडतो, गठ्ठा तारीख घालून ठेवतो आणि ९० दिवसांनी फाडून टाकतो. रोजच्या माणसांना चिठ्ठी लागत नाही.

जाता जाता एक. काही छोट्या सोसायट्यांत वॉचमन पाहुण्याचा फोटो काढून रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. हा या सगळ्यांत वाईट प्रकार आहे. तो फोटो शंभर मोबाइलमध्ये जातो आणि परत घेता येत नाही. तो आधी बंद करा, मग बाकीचं ठरवा.

तर निवड. तीस-चाळीस फ्लॅट असतील, वॉचमन वर्षानुवर्षं तोच असेल आणि तो माणसं ओळखत असेल, तर चिठ्ठी आणि इंटरकॉम. यात मला शंका नाही. पण तुमच्याकडे ८४ फ्लॅट आहेत, निम्म्यात भाडेकरू, वॉचमन एजन्सीचे आणि दर दोन महिन्यांनी बदलणारे. तिथे चेहरा ओळखणारं कोणी नाही, एका गेटवर संध्याकाळी डिलिव्हरीच्या गाड्यांची रांग लागते. तिथे मी ॲपच घेईन. मात्र त्यांच्या छापील करारावर तशीच सही करणार नाही.

करारात लिहून घ्यायचं ते असं. पाहुण्यांच्या नोंदी ९० दिवसांनी आपोआप पुसल्या जाव्यात. कामाच्या माणसांच्या येण्या-जाण्याच्या वेळा फक्त ज्या घरी ते काम करतात त्या घरांना दिसाव्यात, आणि तारे देण्याची सोय बंद असावी. रहिवाशांचे नंबर जाहिरातीसाठी वापरू नयेत किंवा इतर कोणाला देऊ नयेत. आमच्याकडे पहिले सहा महिने फुकट दिले होते. तेव्हा, पैसे आपण देत नाही तर मग खर्च कोण भागवतंय, हे आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. सगळ्या नोंदी पाहायचा अधिकार कमिटीतल्या दोघांनाच, नावानिशी. गेटवरचा मोबाइल सोसायटीचा असावा, वॉचमनचा स्वतःचा नको. स्मार्टफोन नसलेल्या घरांसाठी इंटरकॉम चालू ठेवा. आधार कार्डाचे फोटो साठवू नका. ओळखपत्र बघायचंच असेल तर बघून परत द्या, आणि प्रत लागलीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या.

आणि सोडतानाचं कलम. हे आम्ही विसरलो होतो. ॲप बंद केल्यावर आमच्या दीड वर्षाच्या नोंदींचं काय झालं, असं आम्ही तीन ईमेल करून विचारलं. ‘धोरणानुसार कार्यवाही केली जाईल’ एवढंच उत्तर आलं. मावशींचा फोटो तिकडे अजून आहे की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही करारातच लिहून घ्या: सेवा बंद झाल्यापासून इतक्या दिवसांत सगळं पुसून तसं पत्र द्यायचं, नाहीतर शेवटचं बिल रोखलं जाईल.

सेक्रेटरींना मी एक काम सांगितलंय. सभेच्या आधी एका दुपारी, कामं आटोपल्यावर, तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मावशींना आणि ड्रायव्हरना क्लब हाउसमध्ये बसवा, चहा द्या आणि काय काय नोंदवलं जाणार, कोणाला दिसणार, किती दिवस राहणार हे मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला फोटो द्यायचा नसेल त्याच्यासाठी साधं ओळखपत्र ठेवा. त्यांनी पुढच्या गुरुवारी दुपारी तीनची वेळ ठरवलीय, आणि आमच्या मावशी मला म्हणाल्यात, ‘मी पण येते ताई, माझं सांगते त्यांना.’