ब्रिटन-नॉर्मन आयलँडर आणि त्याचे प्रकार: एक परीक्षण

जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन यांनी इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर, बेम्ब्रिज येथे घडवलेल्या आयलँडर विमानाचे मोल वेगावरून ठरवले, तर त्याच्यावर अन्याय होईल. ताशी सुमारे २५० किलोमीटर हा त्याचा वेग जून १९६५ मधील पहिल्या उड्डाणाच्या वेळीही कोणाला थक्क करणारा नव्हता. कॅमेरूनमधील एका छोट्या हवाई कंपनीत दोघांचा सहभाग होता आणि तिथे त्यांच्यापुढे प्रश्न वेगळाच होता: आखूड, कच्च्या धावपट्टीवर दिवसभर चढउतार करणारे विमान कमी खर्चात कसे चालवायचे?

त्यांचे उत्तर मला आजही विमानरचनेतील शहाणपणाचा उत्तम नमुना वाटते. चाके पोटात ओढून घेण्याची यंत्रणाच त्यांनी ठेवली नाही. उड्डाणच काही मिनिटांचे असेल तर त्या यंत्रणेमुळे वाचणारा वेळ नगण्य असतो. मात्र प्रत्येक चढउतारात तिची झीज होते आणि देखभालीचा भार मालकावर पडतो. केबिनमधून मधली वाटही काढून टाकली. दोन-दोन आसनांच्या पाच रांगा, त्यांतील एक जागा वैमानिकाची, आणि प्रवासी थेट बाजूच्या दारांतून आपापल्या रांगेत शिरतात. त्यामुळे केबिन अरुंद ठेवता आली, वजन घटले आणि दहा माणसांचे विमान सुमारे तीन टनांत बसले. मूळ नमुन्याची २१० अश्वशक्तीची इंजिने अपुरी ठरल्यावर पंख लांबवून २६० अश्वशक्तीची लायकमिंग इंजिने बसवली गेली, आणि त्या दुरुस्तीनंतरच विमान खऱ्या अर्थाने उभे राहिले.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहात लोगनएअर कंपनीची वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही सेवा याच विमानाने चालत आली आहे. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आणि वेळापत्रकातील अवधी दोन मिनिटांचा. अशा मार्गावर आयलँडरचा संथपणा उणीव ठरतच नाही.

प्रकारांकडे वळले की मत थोडे बदलते. बीएन-२ए आणि नंतरचा बीएन-२बी ही एकाच विचाराची क्रमाने झालेली सुधारणा आहे. ३०० अश्वशक्तीचे इंजिन घेण्याची सोय उष्ण किंवा उंच प्रदेशात महत्त्वाची ठरते, कारण पूर्ण भार असताना एक इंजिन बंद पडल्यास या विमानाची चढण्याची क्षमता फारच थोडी उरते. १९७० साली उडालेला ट्रायलँडर मला कमी पटतो. धड लांबवल्यावर दोन इंजिनांची ताकद पुरेना, म्हणून तिसरे इंजिन थेट उभ्या शेपटीवर बसवले. कल्पना धाडसी होती आणि चॅनल बेटांवर ऑरिनी कंपनीने ती २०१७ पर्यंत निष्ठेने वापरली. परंतु जमिनीपासून इतक्या उंचीवरच्या इंजिनाची देखभाल करायची म्हणजे मूळ विमानाच्या साधेपणालाच मुरड घालणे होय.

केबिनमधील कर्कश आवाज हा मात्र पिस्टन इंजिनाच्या सर्वच प्रकारांचा खरा दोष आहे. पंखे प्रवाशांच्या अगदी जवळ फिरतात, आणि तासाभराच्या प्रवासात शेजाऱ्याशी बोलणेही कष्टाचे होते. अॅलिसन कंपनीच्या टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंधनावर चालून पंखे फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनांचा बीएन-२टी पिस्टन प्रकारापेक्षा सुरळीत चालतो, पण ती इंजिने विकत घ्यायला आणि दुरुस्त करायला महाग असल्याने छोट्या कंपनीसाठी माझी पसंती २६० अश्वशक्तीच्या बीएन-२बीलाच आहे. अट एवढीच, की मार्गावरील तळांवर अॅव्हगॅस, म्हणजे विमानांचे खास पेट्रोल, नियमित मिळायला हवे. जिथे फक्त जेट इंधनच पोहोचते, तिथे बीएन-२टीची जास्तीची किंमत मोजणेच योग्य ठरेल.