ऑपरेशन सकाळी झालं. रात्र दवाखान्यात काढायची की घरी?

गेल्या जुलैत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन बेळगावात झालं. भूल पाठीतून दिली होती, संध्याकाळी सहाला डिस्चार्ज. सिस्टरनी विचारलं, "काका, लघवी झाली काय?" बाबा म्हणाले, "होतंय की घरी गेल्यावर." आम्हीही गप्प बसलो. गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला, बेळगावपासून लांब. रात्री एकला ओटीपोट दगडासारखं झालं, हात लावू देईनात, आणि पाऊस असा की गाडीच्या काचेतून रस्ता दिसेना. परत बेळगाव गाठून नळी घातली तेव्हा पिशवी जवळजवळ लिटरभर भरली. तेव्हापासून कुणी "संध्याकाळी सोडतायत" म्हटलं की मी आधी गाव कुठलं ते विचारते.

सोडण्यासाठी बऱ्याच ठिकाणी गुण मोजतात. नाडी-बीपी, चालणं, मळमळ-उलटी, दुखणं आणि रक्तस्राव, प्रत्येकाला जास्तीत जास्त 2 गुण. 10 पैकी 9 मिळाले की घरी. पद्धत चांगलीच आहे, पण या गुणांत लघवी नाही आणि कणकुंबीचा रस्ताही नाही. त्या दोन गोष्टी आपणच धरायच्या.

मोतीबिंदू किंवा कातडीखालची छोटी गाठ, तीही जागा बधिर करून काढलेली असेल, तर घरच बरं. म्हाताऱ्या माणसाला परक्या खोलीत रात्री भ्रम होतो, झोप लागत नाही, आणि सोबतच्याला फरशीवर पडावं लागतं.

हर्निया आणि मूळव्याधीचं तसं नाही. पाठीतली भूल, त्यात पुरुष साठीच्या पुढचा, प्रोस्टेटचा त्रास आधीपासून. अशांची लघवी तुंबायची शक्यता जास्त. यांनी लघवी झाल्याशिवाय गाडीत बसू नये. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर सोनोग्राफीनं मूत्राशय बघायला सांगा. 600 मिलिलीटरच्या वर गेलं तर सहसा नळी घालतात. गाव लांब असेल तर मी रात्र दवाखान्यातच काढेन.

मोठ्यानं घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस पूर्ण भूल आणि गुंगीच्या वेदनाशामकांनंतर रात्री एकटा झोपता कामा नये. तिथं रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लागलेलं हवं. इन्सुलिन घेणारा उलट्यांनी जेवू शकत नसेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तरीही थांबा.

पण रात्र राहिलं की सगळं निभावलं असंही नाही. टॉन्सिलनंतर रक्त पहिल्या 24 तासांत जाऊ शकतं, तसंच पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपासही. पोर झोपेत सारखं आवंढे गिळत असेल तर ते रक्त गिळत असू शकतं. टॉर्च लावून घसा बघा आणि लगेच निघा. दुर्बिणीनं पित्ताशय काढल्यावर पित्त गळायला लागलं तर पोटदुखी, ताप, कावीळ बहुधा दोन-चार दिवसांनी कळते. पाठीतल्या भुलीची डोकेदुखी, बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की उतरणारी, तीही एक-दोन दिवसांनीच येते.

म्हणून लांबच्या माणसाला तिसरा मार्ग मला जास्त पटतो: सोडलं तरी शहरातच मुक्काम. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, टिळकवाडीत कुणी ना कुणी पाहुणे असतातच. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, त्यांनी तिथंच ऑपरेशनचं बघावं. सोबत जाणतं माणूस पहिले 24 तास हवंच. सुटीचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडात असला तर धोक्याच्या खुणा मराठीत लिहून घ्या, आणि रात्री दोनला कोण फोन उचलणार हे नाव-नंबरासह विचारा.

विम्याचं मात्र आधी बघा. काही ऑपरेशन 24 तासांच्या आत सुटी मिळाली तरी मंजूर होतात, काहींना 24 तास भरती लागते.

पुढच्या महिन्यात चुलतभावाचं पित्ताशय काढायचं आहे. डॉक्टर म्हणालेत संध्याकाळी सोडू. आम्ही वडगावात आत्याकडे तीन रात्रींचं सांगून ठेवलंय.