कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनची ‘मेंटॉरशिप’: ५४२ डॉलर गेले, तुमचे वाचवा

आधी हिशोब. ऑनलाइन अ‍ॅनिमेशन कोर्सची फी ३४९ डॉलर. ‘फक्त आमच्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं’ म्हणून गळ्यात मारलेलं कॅरेक्टर रिग (पात्र हलवण्यासाठी बसवलेला हाडांचा सांगाडा आणि कंट्रोल) ५९. रिगिंगचं ‘स्वतः विकसित केलेलं’ टूल ४५. शेवटी शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) तपासणी आणि प्रमाणपत्र ८९. एकूण ५४२ डॉलर, चार वेगवेगळ्या लिंकांवरून चार तुकड्यांत घेतलेले. चार तुकडे कशासाठी, ते तक्रार करायला गेल्यावर कळतं.

रिग ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आर्मेचर (हाडांचा सांगाडा) निवडा आणि हाडांची नावं वाचा. प्रत्येक नावाच्या आधी ‘मिक्सामोरिग’. म्हणजे मिक्सामो या वेबसाइटच्या ऑटो-रिगरमधून (आपोआप सांगाडा बसवणाऱ्या टूलमधून) काढलेला सांगाडा. हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे आणि जांघ इथे खुणा ठेवल्या की असा सांगाडा काही मिनिटांत तयार होतो, आणि तोही फुकट. नाव बदलायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत! पायाला आयके (पाऊल ठेवाल तिथे राहतं आणि गुडघा आपोआप जुळतो, ती सोय) नाही, चेहऱ्याला एक कंट्रोल नाही. अशा नुसत्या एफके (प्रत्येक हाड वरून खाली हाताने फिरवायचं) सांगाड्यावर चाल करायला बसलं की कंबर खाली घेताच पाऊल जमिनीत घुसतं, कारण अख्खा पाय कंबरेला लटकलेला असतो. मग प्रत्येक पोझला मांडी, गुडघा, घोटा पुन्हा जुळवत बसायचं, आणि तरी मधल्या फ्रेमांत पाऊल घसरतंच. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या हातातच कला नाही. पैशांपेक्षा जास्त संताप याचा आहे. ब्लेंडर स्टुडिओची रेन आणि स्नो ही आयके-एफके स्विच आणि चेहऱ्याचे कंट्रोल असलेली रिग्ज फुकट मिळतात. सराव त्यांच्यावर करा.

४५ डॉलरचं टूल म्हणजे रिगिफाय. ते ब्लेंडरसोबतच येतं. प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅड-ऑन्सच्या यादीत एक टिक केली की चालू. पण तक्रारीत ‘चोरीचं सॉफ्टवेअर विकलं’ असं लिहू नका, तक्रार तिथेच फेटाळली जाईल. रिगिफाय ज्या जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याखाली येतं, त्यात विकायला मनाई नाही. खोटेपणा ‘आम्ही स्वतः बनवलं’ या दाव्यात आहे, तेवढंच लिहा आणि त्या दाव्याचा स्क्रीनशॉट जोडा.

आता ती जागा, जिथे कळायला हवं होतं. जाहिरातीच्या व्हिडिओत ‘गुरू’ स्वतःचा शॉट दाखवतात. एक माणूस चालत येतो, वळतो, बसतो. सुरेख हालचाल. मध्येच दोन सेकंद ग्राफ एडिटर (हालचाल रेषांच्या आलेखात दाखवणारी खिडकी) उघडतो आणि कंबरेच्या कर्व्हवर प्रत्येक फ्रेमला एक ‘की’ (पोझ नोंदवल्याची खूण) दिसते. एकही फ्रेम रिकामी नाही. हाताने केलेल्या कामात सहसा असं नसतं. हाताने केलेल्या चालीत, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर, पहिला कॉन्टॅक्ट (पाऊल टेकतं ती पोझ) फ्रेम १ वर, डाउन (शरीर सर्वात खाली) ४ वर, पासिंग (एक पाय दुसऱ्याच्या बाजूने पुढे जातो) ७ वर, अप (शरीर सर्वात वर) १० वर, दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट १३ वर, आणि २५ वर पहिल्याचीच नक्कल. किज अशा अंतराअंतरावर असतात, मधला कर्व्ह हँडलनी वळवलेला असतो. दर फ्रेमला की म्हणजे बहुधा बेक केलेलं (फ्रेमागणिक नोंदवलेलं) मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या माणसाची टिपलेली हालचाल. मोशन कॅप्चर वापरणं गैर नाही. ते ‘की-फ्रेम करून शिकवतो’ म्हणून दाखवणं ही लबाडी आहे. ते दोन सेकंद पडद्यावर सगळ्यांसमोर होते. पण ज्याने ग्राफ एडिटर कधी उघडलेलाच नाही, त्याला ते दिसावं कसं? ते ओळखायला शिकण्यासाठीच तर माणूस फी भरतो. ‘आधी चौकशी करायची ना’ म्हणणाऱ्यांनी हे सांगावं.

‘दर आठवड्याला वैयक्तिक फीडबॅक’ हे दुसरं थोतांड. चेंडूच्या उडीच्या असाइनमेंटवर अभिप्राय आला: टायमिंग छान, कोपराचा आर्क सुधारा. चेंडूला कोपर! सगळ्यांना तीच चार वाक्यं फिरवून पाठवलेली. खरा अभिप्राय फ्रेमचा आकडा सांगतो: ११ व्या फ्रेमला गुडघा झटकन सरळ होतोय, कारण आयके साखळी पूर्ण ताणली गेली आहे, कंबर थोडी खाली घ्या. किंवा, चालीची सायकल (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) संपताना अडखळते कारण प्लेबॅक १ ते २५ ठेवला आहे आणि तीच पोझ लागोपाठ दोनदा दिसते, २४ वर थांबवा. पैसे भरण्याआधी आधीच्या विद्यार्थ्याच्या शॉटवरचा एक जुना अभिप्राय मागा. त्यात फ्रेमचा आकडा नसेल तर उठा.

आणि नमुना फाइल मागा. व्हिडिओ नव्हे, ब्लेंड फाइल (ब्लेंडरमध्ये उघडणारी मूळ फाइल). देत नाहीत? मग विषय संपला.

आता तक्रारीचं. पेमेंट कंपनी म्हणते, फाइल डाउनलोड झाली, म्हणजे माल पोचला. कोर्स ज्या साइटवर होता तिथे बॉट उत्तर देतो आणि तिकीट आपोआप बंद होतं. पुन्हा उघडलं की पुन्हा बंद. पोलिसांच्या सायबर विभागात सांगतात, कोर्स मिळाला ना, मग हा दिवाणी वाद, ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक आयोगाला विक्रेत्याचा पत्ता हवा, आणि तो साइट देत नाही, गोपनीयता म्हणे! बँकेत तर ‘रिग म्हणजे काय’ इथून सुरुवात. हाडांच्या नावांचे स्क्रीनशॉट दाखवले तर समोरचा विचारतो, हे काय, गेम आहे का? फसवणाऱ्याची गोपनीयता जपायला सगळे तयार, पण फसलेल्याने मात्र प्रत्येक खिडकीवर नव्याने आपली अक्कल सिद्ध करायची. एकाही ठिकाणी कोणी विक्रेत्याला साधा जाब विचारला नाही.

बँकेच्या फॉर्मवर ‘अनधिकृत व्यवहार’ निवडू नका. ओटीपी तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे अर्ज लगेच फेटाळतात. ‘सेवा वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडा. कार्डांच्या नियमांत अशा वादाला साधारण १२० दिवस मिळतात, आणि डाव इथेच आहे. कोर्स १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवस. शेवटी ‘तुमच्या सोयीसाठी’ ३० दिवस मुदतवाढ. झाले ११४. प्रमाणपत्राची वाट बघत बसलात तर, मुदत फी भरल्यापासून मोजली तर, फीच्या तक्रारीला उरले सहा दिवस. मुदतवाढ ऐकलीत की त्याच दिवशी अर्ज टाका. चार पेमेंट म्हणजे चार स्वतंत्र अर्ज, प्रत्येकाची मुदत वेगळी. चॅट आणि जाहिरातीचं पान आजच सेव्ह करा, कारण तक्रार झाल्याचं कळताच ते पान गायब होतं.